दिवेलागणीची गाडी

माधोराव झाडे यांच्या अँबेसिडरमध्ये मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मागच्या सीटवर आम्ही सहा जण होतो आणि पुढे ते एकटे. त्या गाडीची पुढची सीट सलग होती, बाकासारखी. माधोराव देहाने कपाटाएवढे असले तरी त्यांच्या डावीकडे आणखी दोन माणसं ऐसपैस मावली असती. माझ्या मांडीवर एक अनोळखी गृहस्थ होते आणि त्या गृहस्थांच्या मांडीवर पेरूंची टोपली होती. वर्धा सोडून आम्ही देवळीकडे निघालो होतो. थोडा वेळ मी कळ काढली आणि मग म्हणालो, "काकाजी, मी पुढे येऊन बसू का?"

पेरूवाल्या गृहस्थांनी माझा गुडघा दाबला. माधोरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "समोर जागा खाली नाई ना, मास्तर."

मी मान लांब करून पुन्हा पाहिलं. सीटवर कोणीही नव्हतं. जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं चौघडी करून अंथरलं होतं, तेवढंच.

पुढे सूर्य बुडाला. माधोरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, पायातल्या चपला काढल्या, मान उजवीकडे खिडकीबाहेर वळवली आणि हळूच म्हणाले, "लाव."

कुठेतरी खट्ट झालं आणि समोरचा रस्ता पिवळा झाला. माधोरावांनी हात जोडले. मागच्यांनीही जोडले. पेरूवाल्यांना हात मोकळे करता येईनात, म्हणून त्यांनी टोपलीवरच डोकं टेकवलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, पण त्या वेळी त्या गाडीत एकट्यानेच विज्ञान धरून बसायची माझी छाती झाली नाही. मीही हात जोडले.

मी मूळचा सांगलीकडचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा नोकरीसाठी देवळीला आलो आणि माधोरावांच्याच घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मालक म्हणून माणूस सोन्यासारखा. पण त्यांच्या मोटारीत बसायचं म्हणजे त्यांचं तत्त्वज्ञान मांडीवर घ्यावं लागे, आणि ते पेरूंपेक्षा जड होतं. गाडी स्वतःहून काही करते म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. गाडीनं पळावं, बाकी सगळं माणसानं करावं. "आपोआप त फक्त केस पिकते, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कानावर पडायचंच.

सेल्फ-स्टार्टर चांगला असूनही ते गाडी सकाळी हँडल मारूनच सुरू करत. "तिले बी वाटलं पाह्यजे ना, का कोनी उठवलं म्हून." गाडी उठायच्या आधी आमची अख्खी गल्ली उठायची. इंडिकेटर त्यांनी काढून टाकले होते. वळायचं झालं की हात बाहेर. आणि तो हातही मेहेरबानी म्हणून, कारण "मी कुठं वळतो हे देवळीतल्या कुत्र्याइले बी माहीत हाये." वायपरही काढलेले. पावसाळ्यात काचेवर अर्धा कापलेला आलू घासायचा, म्हणजे पाणी ठरत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. ते बऱ्यापैकी खरंही होतं. पण माझी बायको शैला म्हणायची की श्रावणात यांच्या गाडीत बसलं की भाजी निवडायला बसल्यासारखं वाटतं.

एकदा ओसरीवर बसून मी त्यांना विचारलं, "काकाजी, सोयीचा एवढा राग आहे तर मोटार कशाला घेतलीत? बैलबंडी बरी होती."

"बंडी?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मालक झोपला तरी बंडी आपली आपली घरी येते, मास्तर. बैल रस्त्यानं बरोबर आनते. बंडीएवढी ऑटोमॅटिक गाडी जगात नाई. म्हून त मोटार घेतली मी."

मी चहा प्यायलो.

दिव्याची गोष्ट मला शैलाकडून कळली आणि शैलाला नळावर. माधोरावांची बायको यमुनाबाई. माहेर आंजीचं. माधोरावांनी हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली तेव्हा गावात मोठी धूम झाली. त्यांना वाटलं, आता बायकोला रोज संध्याकाळी फिरवून आणू. पण यमुनाबाई संध्याकाळी उंबऱ्याबाहेर पाय टाकायला तयार नाहीत. दिवेलागणीला घरची बाई घरात नसली तर देवापाशी दिवा कोण लावणार? लक्ष्मी आली आणि घरात अंधार दिसला तर? माधोरावांनी समजावलं, रागावले, एकदा जेवलेही नाहीत. बाई हलल्या नाहीत. शेवटी माधोरावांनी तोड काढली. गाडीसुद्धा आपलं घरच, तिलाही दिवे आहेत, ते तू लाव. म्हणजे कुठेही असलो तरी दिवेलागण तुझ्या हातची.

बाईंना पटलं. तेव्हापासून सूर्य बुडाला की गाडी कडेला थांबायची, यमुनाबाई चपला काढायच्या, डॅशबोर्डच्या मधोमध असलेलं दिव्यांचं बटण दोन बोटांनी ओढायच्या आणि हात जोडायच्या. मग माधोराव जोडायचे. बटणाची कड त्यांच्या बोटांनी घासून गुळगुळीत झाली होती म्हणे.

त्यांचं गाडीतलं दुसरं काम म्हणजे "अवो, हळू चालवा" म्हणणं. रस्ता मोकळा असो की माणसांनी भरलेला, त्या म्हणायच्याच. रेल्वेच्या फाटकात गाडी इंजिन बंद करून उभी असली तरी म्हणायच्या. माधोराव चिडायचे, "उभ्या गाडीले आता काय हळू करू?" आणि तरी "हो वो" म्हणायचे.

आम्ही देवळीला यायच्या काही वर्षं आधी यमुनाबाई काविळीने गेल्या. गाडीत नाही, रस्त्यावर नाही, घरी अंथरुणावर, भर दुपारी. म्हणजे भूत व्हायला लागणारं काहीही त्यांच्या बाबतीत घडलं नव्हतं. तरी त्यानंतरही दिवेलागणीला गाडी थांबत राहिली, माधोराव "लाव" म्हणत राहिले आणि दिवे लागत राहिले.

गावाला एवढं पुरे झालं. शिंप्याने गाडीतून बांगड्यांचा आवाज ऐकला होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरने डाव्या दारात अडकलेला लुगड्याचा पदर पाहिला होता. तो म्हणे उतरून सोडवायला गेला तर दार घट्ट बंद आणि पदर नाही. पण फुकटच्या गाडीत भूत असलं तरी माणूस बसतो. वर्ध्याहून यायला एसटी मिळाली नाही की हेच लोक मागच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर चढून बसायचे, पुढे जागा मागायचे नाहीत आणि वेळेवर हात जोडायचे.

शैला मात्र सूर्य बुडाल्यावर त्या गाडीत बसत नसे. मी तिची चेष्टा केली तर म्हणाली, "मला भुताची भीती नाही वाटत. ते 'लाव' म्हणतात ना, त्या आवाजाची वाटते. तुम्ही माझ्याशी कधी असं बोलला नाहीत." मी विषय बदलला.

मी विज्ञानवाला असल्यामुळे तपास करणं मला भाग होतं. दिवा काय आपोआप लागतो? हात माधोरावांचाच असणार. मी मुद्दाम मागे डाव्या कोपऱ्यात बसून पाहिलं. पण खांद्यावरून डावीकडे पसरलेली घोंगडीएवढी शाल आणि पुढे झुकलेला तो अवाढव्य देह यांच्याआड डॅशबोर्ड पार बुडून जायचा. मला दिसायची फक्त खिडकीबाहेर वळलेली मान. एकदा मी विचारलंच, "काकाजी, दिवा लागतो तेव्हा तुम्ही तिकडे का बघता?"

"बाईमानूस दिवा लावून राह्यली असन, त तिच्याकडं टक लावून पाहाव का?" ते म्हणाले. तेही बरोबरच होतं.

मग ती संध्याकाळ आली. कापसाचे दिवस होते. मागे मी आणि शाळेचा शिपाई, दोघेच होतो. नेहमीच्या वेळी गाडी थांबली. चपला निघाल्या, मान वळली. "लाव."

काही झालं नाही.

इंजिन घरघरत होतं. बाहेर पऱ्हाटीच्या शेतात शेवटचा उजेड कापसावर राहिला होता, तोही गेला. माधोराव हलले नाहीत. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "लाव ना वो." रुसलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तसा आवाज होता. शिपाई डोळे मिटून पुटपुटायला लागला होता. आणि मग माधोरावांनी एकदम गिअर टाकला आणि दिव्यांशिवाय गाडी सोडली.

"काकाजी, दिवे!" मी ओरडलो. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. पुलाच्या अलीकडे समोर काहीतरी पांढरं, डोंगरासारखं उभं राहिलं. ती कापसाची बंडी होती. माधोरावांनी गाडी कशीबशी डावीकडे ओढली आणि ती नाल्याच्या काठाला लागून थांबली. बंडीवाला खरोखरच झोपला होता. बैलांनी बंडी आधीच बाजूला घेतली होती, म्हणून आज मी हे लिहितो आहे.

"काऊन बे, डोळे फुटले का?" तो उठून गरजला. मग गाडी ओळखून एकदम मवाळ झाला. "माधोजी होय का... आज लावला नाई का वहिनीनं?"

माधोराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. शेवटी शिपायाने पुढे वाकून दिव्याचं बटण ओढलं. आम्ही घरी आलो.

ही बातमी माधोरावांच्या मुलाला कळणारच होती. प्रभाकर वर्ध्याला रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. पोरगा हुशार, बापासारखाच हट्टी. तो पुढच्याच रविवारी हत्यारांची पेटी घेऊन आला, दिव्याचं बटण काढलं आणि त्या भोकात सदऱ्याच्या गुंडीएवढा एक काचेचा डोळा बसवला. अंधार झाला की त्या डोळ्याला कळायचं आणि दिवे लागायचे. बटण नाही, ओढणं नाही, कोणाची वाट पाहणं नाही. डोळ्यावर तळहात ठेवला तरी त्याला रात्र झाली असं वाटे आणि दिवे लागत. प्रभाकरने मला ते करून दाखवलं. मी इतका खूश झालो की ते यंत्र वर्गात दाखवायला मागितलं.

माधोराव अंगणात उभे होते. "काढ ते," ते म्हणाले.

"बाबा, तुमी अंधारात गाडी चालवली. मानूस मेला असता."

"काढ म्हन्तो ना."

"नाई काढत. गाडीत ऑटोमॅटिक दिवे पाह्यजेच. बाहेर देशात सगळ्या गाड्याइले येऊन राह्यले. मानूस चुकते, हे चुकत नाई. सांगा ना मास्तर तुमी!"

मी सांगितलं. सोय ही चैन नसते, जिवाची राखण असते, वगैरे. वर्गात सांगतो तसं, मुद्देसूद. माधोरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिच्याकडं एकच काम राह्यलं होतं," ते प्रभाकरला म्हणाले. "ते बी काहाडून घेतलं तुनं."

प्रभाकरचा चेहरा उतरला. त्याची आई होती ती. पण त्याने पेटी बंद केली आणि तो डोळा तसाच ठेवून निघून गेला. माधोरावांनी काढलेलं बटण उचललं, धोतराला पुसलं आणि देवघरात नेऊन अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलं. शैला सांगायची की त्याला रोज हळदकुंकू लागतं.

त्यानंतर गाडीची नुसती फजिती सुरू झाली. त्या डोळ्याला रात्र आणि सावली यांतला फरक कळेना. चिंचेखाली गाडी गेली की भर दुपारी दिवे. ढग आला की दिवे. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला पंजा उघडमिट करून सांगायचा की दिवे चालू आहेत. माधोरावांना वाटायचं तो राम राम करतो, म्हणून तेही राम राम करायचे. चौकात पोरं ओरडायची, "माधोजी, दिवस हाये!" मी त्यांना म्हणालो, आता तुम्हाला बोलायला जागा झाली, बघा म्हणावं आपोआपचे प्रताप. पण आपोआप फक्त केस पिकतात, हे वाक्य मी त्या दिवसांत एकदाही ऐकलं नाही.

संध्याकाळ मात्र वाईट होती. गाडी पूर्वीसारखीच थांबायची. "लाव" व्हायचं. पण आता माधोरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, सगळ्यांना दिसतील असे. आणि दिवे लागायचे ते खट्ट न करता. नुसता रस्ता उजळायचा. पूर्वी निदान आवाज यायचा हो, शिंपी म्हणाला, आता तर तोही नाही. प्रभाकरच्या यंत्राबद्दल मी त्याला चित्र काढून समजावलं. त्याने सगळं समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून एसटीने यायला लागला. हळूहळू मागची सीटही रिकामी झाली. देवळीला जाणारी माणसं वर्ध्याच्या स्टँडवर माधोरावांची गाडी दिसली की वर्तमानपत्र उघडायची.

दिवसा दिवे लागून बॅटरी बसायला लागली तेव्हा प्रभाकर आपणहून यंत्र काढायला आला. म्हणाला, चुकलं माझं, जुनं बटण बसवून देतो. मला वाटलं माधोराव त्याला पेढे देतील. ते गाडीसमोर हात पसरून उभे राहिले.

"हात नोको लावू त्याले," ते म्हणाले. प्रभाकर माझ्याकडे बघायला लागला आणि मी प्रभाकरकडे.

याचा उलगडा माघातल्या एका शनिवारी झाला. आम्ही दोघंच वर्ध्याहून निघालो होतो. मी सवयीने मागचं दार उघडलं. माधोराव म्हणाले, "मास्तर, आज तुमी समोर बसा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी स्वतः पलीकडून वाकून डावं दार उघडलं, ते लुगड्याचं फडकं उचलून मांडीवर घेतलं आणि जागा हाताने झाडली. मी बसलो. सीटचा तो भाग इतकी वर्षं कोणी बसलेलं नसूनही खचलेला होता. समोर डॅशबोर्डवर प्रभाकरचा डोळा माझ्याकडे बघत होता.

गावाबाहेर पडल्यावर ते बोलायला लागले. रस्त्यावरची नजर हलली नाही.

"तुमाले का वाटलं, मले समजत नोतं? हात माझाच होता. इकडं पाहाचं, तिकडून बटन ओढाचं. आपलाच हात, पन पाह्यला नाई का दुसऱ्याचा वाटते. लय दिवस चाललं तसं."

"मग त्या दिवशी, बंडीच्या वेळी?"

"तिच्या तिथीचा दिवस होता. म्हनलं आज आपन नाई ओढाचं. आज पाहू, खरंच लावते का." त्यांनी गिअर बदलला. "नाई लावला तिनं."

बाहेर उन्हं तिरपी झाली होती.

"मग पोरानं हे बसवलं," ते म्हणाले. "आता माझे दोन्ही हात इथं राहते, मास्तर. अन् दिवा लागते. पहिले मले पक्कं माहीत होतं का हात माझा हाये. आता सांगता येत नाई." त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला होता. "म्हून तुमाले बसवलं. तुमी विज्ञानवाले, खोटं बोलनार नाई. मी तिकडं पाहीन. तुमी इकडं पाहा. हात येते का, तेवढं सांगजा."

मी घाबरलो, हे सरळ सांगतो. भुताला नाही. मी "नाही आला" म्हटल्यावर हा माणूस काय करील याला घाबरलो. ती जागा, ते फडकं, ते "लाव", सगळं माझ्या एका शब्दाने संपणार होतं. पण खरं ते खरं, असं मनाशी ठरवून मी त्या डोळ्यावर नजर लावली.

सूर्य बुडाला. गाडी कडेला थांबली. चपला निघाल्या, मान वळली. लुगड्याचं फडकं त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"लाव."

दिवे लागले नाहीत. आमचं तोंड मावळतीकडे होतं. रस्ता काळा झाला होता, पण समोरचं आभाळ अजून लाल होतं आणि तो सगळा उजेड काचेतून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडून नेमका त्या डोळ्यावर उलटत होता. त्याच्या मते अजून दिवस होता. मला शास्त्र कळत होतं. माधोरावांना फक्त अंधार कळत होता.

"लाव ना वो," ते म्हणाले.

तोच आवाज. पऱ्हाटीच्या शेताजवळचा. शैला म्हणत होती तो. पण या वेळी मी मागे नव्हतो. मी ज्या जागेवर बसलो होतो त्या जागेशी ते बोलत होते. कोणाच्याही आयुष्यात कोणी कोणाला इतक्या हळू आवाजात काही मागत असेल तर ऐकणाऱ्याने बसून राहू नये, असं मला वाटलं. मी हात पुढे केला आणि त्या डोळ्यावर ठेवला.

रस्ता उजळला. माझा हात काचेला लागल्यावर दिवे लागले की लागायच्या आधी, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे लिहू नये, पण काच गार असायला हवी होती आणि ती गार नव्हती.

माधोरावांनी हात जोडले. मीही जोडले. आता समोर दिव्यांच्या उजेडात बाभळीची झाडं आणि धूळ दिसत होती.

"आला का हात?" त्यांनी बाहेरच बघत विचारलं.

"आला," मी म्हणालो.

"बांगड्या होत्या?"

"होत्या."

"कोनत्या?"

"हिरव्या," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या वेळी, त्या बाजूला. मग त्यांचा तो अवाढव्य देह हलायला लागला. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते.

"लय खोटारडे हा तुमी, मास्तर," ते म्हणाले. "लग्नात घातल्या तेवढ्याच हिरव्या. मंग जलमभर तिले लालच लागत."

मी खाली मान घातली. त्यांनी ते फडकं डोळ्यांना लावलं, पुन्हा चौघडी केलं आणि या वेळी माझ्या मांडीवर ठेवलं.

"पुढच्या शनिवारी बी समोरच बसजा," ते म्हणाले. "दिवा लावाले नाई. दिवा लागन कसाबी. पन त्या बाजूनं कोनी बोलतच नाई आता. मानूस चालवते, चालवते, अन् तिकडून आवाजच नाई."

गाडी निघाली. थोडं पुढे गेलो तर रस्त्यात एक बंडी होती, कापसाने भरलेली, बैल आपले आपले घरी निघालेले. ओलांडायला जागा नव्हती. तिच्या मागून आमची गाडी इतकी हळू चालली होती की पायी जाणारा पुढे गेला असता.

मी ते फडकं मांडीवर नीट केलं आणि म्हणालो, "अवो, हळू चालवा."

"हो वो," माधोराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी आणखी हळू केली.